मंडप, सभागृह आणि घर: अनेक ठिकाणी एकाच वेळी चालणाऱ्या थेट कार्यक्रमात आवाज-चित्राचा दर्जा कसा सांभाळावा

देवस्थानच्या मंडपात भजन किंवा कीर्तन चालू आहे, तेच दुसऱ्या गावच्या सभागृहात पडद्यावर दाखवायचे आहे, सभागृहातून मंडपाशी बोलताही यायला हवे, आणि मुंबई-पुण्यातल्या गोवेकरांना घरबसल्या मोबाइलवर पाहता आले पाहिजे, अशी मागणी आता गोव्यात जवळपास प्रत्येक समितीकडून येते. या मागणीवर बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो: जास्त वेगाची जोडणी घ्यायची, उरलेले एन्कोडरच्या (चित्र-आवाज दाबून पाठवण्याजोगे करणाऱ्या यंत्राच्या) सेटिंगमध्ये शोधायचे. क्रम इथेच चुकतो. ओळ, म्हणजे इंटरनेटची जोडणी, अपुरी पडली की काय टिकवायचे आणि काय सोडायचे, हे आधी ठरवून ते यंत्रांकडून पाळून घेणे म्हणजे दर्जाचे व्यवस्थापन. हा निर्णय आपण घेतला नाही तर तो राउटर घेतो, आणि राउटरला अभंग आणि फोटोंचा बॅकअप यांतला फरक कळत नाही.

पुढचे टप्पे याच क्रमाने करावेत. उदाहरण म्हणून दोन मार्ग धरले आहेत. पहिला मार्ग मंडप आणि सभागृह यांच्यातला दुतर्फी संवादाचा, दुसरा घरच्या प्रेक्षकांसाठी एकतर्फी प्रक्षेपणाचा. दोन्हींच्या गरजा वेगळ्या असतात. त्यांना एकच सेटिंग लावणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

१. आधी कागदावर: किती उशीर चालेल?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या (आयटीयू) जी.११४ या शिफारशीनुसार बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेक संभाषणांना जाणवत नाही, आणि ४०० च्या पुढचा विलंब नियोजनात धरूच नये. दुतर्फी मार्गासाठी हीच चौकट घ्यावी. एकतर्फी प्रक्षेपणाला ती लागू नाही, कारण तिथे प्रेक्षक दहा-वीस सेकंद मागे असला तरी त्याला ते कळत नाही.

आता हा विलंब कुठे कुठे खर्च होतो ते मांडू. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) घेणाऱ्या कॅमेऱ्यात एक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद. एन्कोडरने आणखी एक चौकट हातात धरून ठेवली तर अजून ४०. नेटवर्कचा प्रवास २५, पलीकडचा बफर (आलेली माहिती थोडी थांबवून ठेवणारी जागा) ६०, दाबलेले चित्र पुन्हा उलगडणे (डिकोडिंग) आणि पडदा मिळून ६०. चित्राची बेरीज २२५ होते. आवाजाचे गणित वेगळे आहे: ओपस या कोडेकचे (आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीचे) नेहमीचे सेटिंग सुमारे २७, नेटवर्क २५, बफर ६०, साउंड कार्ड २०, म्हणजे १३२. याचा अर्थ आवाज चित्राच्या ९३ मिलिसेकंद पुढे धावणार.

हे चालेल का? आयटीयूच्याच बीटी.१३५९ शिफारशीत आवाज चित्रापेक्षा ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मागे गेला की फरक जाणवू लागतो, आणि ९० पुढे किंवा १८५ मागे गेल्यावर तो सहन होत नाही, असे म्हटले आहे. आवाज मागे पडलेला आपण जास्त सोसतो, कारण प्रत्यक्षातही तो प्रकाशानंतरच कानावर येतो. आपला आवाज तर पुढे गेला आहे, म्हणून त्याला मुद्दाम थांबवावे लागेल. ६० मिलिसेकंद थांबवला तर ओठ जुळतात, पण आवाजाचा विलंब १९२ होतो आणि १५० ची मर्यादा मोडते. इथे दोन्ही साधत नाही. कीर्तन ऐकायचे असेल तेव्हा मी ओठ जुळवतो. शेवटच्या प्रश्नोत्तरांच्या वेळी ते ६० मिलिसेकंद काढून टाकतो, कारण तेव्हा दोघे एकाच वेळी बोलू लागून अडखळणे हे ओठ न जुळण्यापेक्षा जास्त त्रासदायक ठरते.

सावधान: फोंड्यातल्या गायकाला म्हापशातून पखवाजाची साथ द्यावी, ही कल्पना दर वर्षी कोणीतरी मांडतो. एकत्र वाजवणाऱ्यांना एका दिशेने साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचाच विलंब पेलतो. हवेतून इतक्या वेळात आवाज जेमतेम दहा मीटर जातो, म्हणजे मंडपाच्या दोन टोकांना बसून ताल धरण्यासारखेच ते झाले. वरच्या १३२ च्या हिशेबात ही साथ बसत नाही. नम्रपणे नकार द्यावा.

२. ओळ मोजा, पण भरलेली असताना

वेगचाचणीचे संकेतस्थळ उघडून डाउनलोडचा मोठा आकडा पाहणे म्हणजे मोजणे नव्हे. मंडपातून बाहेर जाणारे सर्व अपलोडवर चालते. कार्यक्रमाच्याच वेळी, म्हणजे संध्याकाळी सात ते दहा, निदान तीन दिवस अपलोड मोजावा आणि त्यातला सर्वांत कमी आकडा धरावा. सरासरी धरू नये.

दुसरी मोजणी महत्त्वाची असूनही कोणी करत नाही. एका संगणकावरून मोठी फाइल चढवत ठेवावी आणि त्याच वेळी दुसऱ्यावरून पलीकडच्या ठिकाणाला पिंग लावावे, म्हणजे छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते पाहावे. रिकाम्या ओळीवर १२ मिलिसेकंद आणि भरलेल्या ओळीवर ४०० अशी तफावत दिसली, तर दोष वेगाचा नसून रांगेचा आहे. हिशेब सोपा आहे. ओळीच्या तोंडाशी असलेल्या यंत्रात एक मेगाबाइटची रांग असेल आणि अपलोड सेकंदाला ८ मेगाबिटचा (म्हणजे एक मेगाबाइटचा) असेल, तर रांग भरल्यावर शेवटच्या पॅकेटला (माहितीच्या तुकड्याला) बाहेर पडायला एक पूर्ण सेकंद लागतो. मंडपातल्या एका स्वयंसेवकाच्या मोबाइलने फोटोंचा बॅकअप सुरू केला की एवढे घडायला पुरेसे आहे.

फोंडा ते पणजी हे अंतर तीसेक किलोमीटरचे आहे. फायबरमधून प्रकाशाला त्यासाठी मिलिसेकंदाचा सहावा-सातवा भागच लागतो. तरीही पिंग वीस-तीसच्या पुढे जात असेल, तर मार्ग तपासून पाहावा. दोन्ही टोकांना वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या असल्या की पॅकेटे अनेकदा मुंबईला जाऊन परत येतात. शक्य असल्यास दोन्ही ठिकाणी एकाच सेवादात्याची जोडणी घ्यावी. वेगाचा महागडा पॅकेज घेण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

तपासणी: तीन दिवसांचा किमान अपलोड, रिकामे पिंग, भरलेले पिंग आणि पॅकेट-गळतीची टक्केवारी हे चार आकडे लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. गळती एक टक्का असेल तर ‘एकच टक्का’ म्हणून सोडू नये. ५ मेगाबिटच्या चित्रात सेकंदाला सुमारे ५२० पॅकेटे जातात, त्यांपैकी पाच दर सेकंदाला हरवतात, आणि एका पॅकेटामुळे आलेला डाग पुढची पूर्ण चौकट येईपर्यंत पडद्यावर राहू शकतो.

३. कोणाला आत घ्यायचे ते ठरवा

समजा, किमान अपलोड २२ मेगाबिट निघाला. पुढच्या टप्प्यात आपण राउटरला त्याचे नव्वद टक्केच, म्हणजे सुमारे २०, वापरायला सांगणार आहोत. त्यातला पाव भाग मोकळा ठेवावा. हाती १५ राहतात.

आता खर्च. १२८ किलोबिटचा आवाज नुसता १२८ नसतो. दर वीस मिलिसेकंदांना एक, अशी सेकंदाला ५० पॅकेटे जातात, प्रत्येकावर ४० बाइटचे पत्ते-शिक्के असतात, म्हणजे १६ किलोबिट वरखर्च. एकूण १४४, धरू ०.१५ मेगाबिट. सभागृहाकडचे चित्र ५ आणि हरवलेले पुन्हा पाठवण्यासाठी पाव भाग जादा, मिळून ६.२५. घरच्या प्रेक्षकांचे प्रक्षेपण ४.५, तेही पाव भाग धरून सुमारे ५.६. एकूण १२. शिल्लक ३.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फोन येतो: आमच्या वाड्यावरच्या हॉलातही जोडून द्या. नव्या ठिकाणाला चित्र-आवाज मिळून ६.४ लागतात आणि शिल्लक ३ आहे. ‘थोडे थोडे सगळ्यांना देऊ’ असे इथे चालत नाही, कारण सांगणाऱ्याचा मान राखताना आधीच्या सगळ्यांचे चित्र फुटते. पर्याय दोनच आहेत. एक, नकार. दोन, मंडपातून एकच प्रत बाहेरच्या मध्यस्थ सर्व्हरला पाठवायची आणि सर्व ठिकाणांना त्याने वाटप करायचे. ठिकाणे दोनाहून जास्त होण्याची शक्यता असेल तर सुरुवातच दुसऱ्या पर्यायाने करावी. हा बदल ऐन वेळी करता येत नाही.

४. रांग स्वतःच्या ताब्यात घ्या

सर्वांत जास्त फायदा या टप्प्यात आहे आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. मूळ कल्पना अशी की रांग सेवादात्याच्या पेटीत साचू द्यायची नाही, ती आपल्या राउटरमध्ये आणायची. त्यासाठी राउटरवर अपलोडची मर्यादा मोजलेल्या किमान वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधावी आणि एफक्यू-कोडेल किंवा केक यांसारखी रांग-व्यवस्था चालू करावी. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचे मुक्त सॉफ्टवेअर चालणाऱ्या साध्या राउटरवरही हे होते. दहा टक्के वेग हातचा सोडायला समित्या तयार होत नाहीत. भरलेल्या ओळीवरचे पिंग आधी आणि नंतर दाखवले की वाद संपतो.

त्यानंतर पॅकेटांवर खुणा, म्हणजे कोणते पॅकेट कोणत्या वर्गाचे हे राउटरला सांगणारे आकडे. आवाजाला ४६, संवादाच्या चित्राला ३४, बॅकअप-अपडेट यांसारख्या पडून राहिले तरी चालणाऱ्या कामांना ८, आणि बाकीच्यांना ०. या वर्गखुणा इंटरनेटच्या मानकांतल्याच आहेत. येथे चार गोष्टी हटकून चुकतात.

पहिली: काही उपकरणे खुणेचा आकडा मागत नाहीत, ती खूण ज्यात बसते तो पूर्ण बाइट मागतात. तिथे ४६ च्या जागी १८४ आणि ३४ च्या जागी १३६ लिहावे लागतात. ४६ तसाच लिहिला तर आवाज भलत्याच वर्गात जातो, आणि कुठेही चूक दाखवली जात नाही.

दुसरी: विंडोजवर एखाद्या प्रोग्रामने खूण मागितली म्हणून ती लागतेच असे नाही. विंडोजच्या धोरण-सेटिंगमधून ती वेगळी लावावी लागते.

तिसरी: आपली खूण बाहेरच्या इंटरनेटवर पाळली जाईल अशी अपेक्षा धरू नये. सेवादाते ती बहुधा पुसतात किंवा दुर्लक्षितात. तिचा उपयोग आपल्या राउटरच्या तोंडापर्यंत आहे, आणि अडते बहुतेक तिथेच, म्हणून तेवढा पुरतो.

चौथी: सगळ्यालाच ४६ लावणे. सगळेच मानकरी झाले की पालखी उचलायला कोणी उरत नाही. अग्रक्रमाच्या वर्गात फक्त आवाज ठेवावा आणि त्यालाही वरची मर्यादा घालावी.

वायफायबद्दल थोडक्यात: कॅमेरा, एन्कोडर आणि राउटर यांच्यात केबलच टाकावी. शंभर मीटरपर्यंत साधी कॅट ६ पुरते. केबल अशक्यच असेल तर एवढे लक्षात ठेवावे की अनेक वायफाय यंत्रे मूळ सेटिंगमध्ये ४६ ची खूण आवाजाच्या वर्गात न टाकता चित्राच्या वर्गात टाकतात. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजात हीच जुळणी दुरुस्त करायला सांगितले आहे.

तपासणी: वायरशार्क या पॅकेट पाहण्याच्या प्रोग्रामने राउटरच्या बाहेरच्या बाजूला पॅकेट पकडून खूण डोळ्यांनी पाहावी. सेटिंगच्या पानावर बरोबर दिसते म्हणजे तारेवर बरोबर आहे असे नव्हे.

५. बफर आणि हरवलेल्या पॅकेटांची भरपाई

पॅकेटे सारख्या अंतराने निघतात पण सारख्या अंतराने पोहोचत नाहीत. या चढउताराला जिटर म्हणतात, आणि बफर म्हणजे त्याच्यासाठी ठेवलेली थांबण्याची जागा. तिचा आकार अंदाजाने ठरवू नये. कार्यक्रमाच्या वेळेत घेतलेली हजार पिंगे लहान-मोठी लावावीत, शंभरातील नव्व्याण्णवाव्या स्थानाचा, म्हणजे हजारांतला ९९० वा, आकडा घ्यावा आणि त्यातून सर्वांत लहान आकडा वजा करावा. उरते तेवढा बफर दुतर्फी मार्गाला द्यावा.

एकतर्फी मार्गावर कंजूषपणा करू नये. एसआरटी (हरवलेली पॅकेटे परत मागवणारी प्रक्षेपण-पद्धत) वापरत असाल तर त्याचा मूळ विलंब १२० मिलिसेकंदांचा असतो, आणि नेहमीचा सल्ला जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या चौपट ठेवण्याचा आहे. मोबाइल जोडणीवर हा वेळ ९० असेल तर १२० मध्ये हरवलेले पॅकेट परत मागवून आणायला जेमतेम एकच संधी मिळते. घरचा प्रेक्षक तसाही मागे असतो, म्हणून मी सरळ २००० ठेवतो.

आता आवाजाची एक खोच, जी भजनाच्या कार्यक्रमात हमखास नडते. ओपसमध्ये हरवलेल्या पॅकेटाची भरपाई करणारी अंगभूत सोय आहे, पण ती बोलण्यासाठीच्या रीतीतच चालते. संगीतासाठी १२८ किलोबिट ठेवले की कोडेक दुसऱ्या रीतीत जातो आणि ती सोय गप्प बसते. सेटिंगमध्ये मात्र ती चालूच दिसते. संगीतासाठी प्रत्येक पॅकेटासोबत मागच्या पॅकेटाची प्रत पाठवणारी पद्धत घ्यावी. आवाजाचा खर्च दुप्पट होऊन ०.३ मेगाबिट झाला तरी तो शिलकीत सहज बसतो.

सावधान: गोंगाट कमी करणे, प्रतिध्वनी काढणे आणि आवाजाची पातळी आपोआप राखणे या तिन्ही सोयी मंडपाच्या बाजूला बंद ठेवाव्यात. एका देवस्थानात पहिल्या अभंगापासून सभागृहाकडून निरोप येत राहिले की टाळ ऐकू येत नाहीत, फक्त बुवांचा आवाज मधूनच खोल जातो. आम्ही अर्धा तास माइक बदलत बसलो. दोष माइकचा नव्हताच. यंत्र टाळांना गोंगाट समजून कापत होते.

६. घड्याळे जुळवा

प्रत्येक यंत्रातल्या घड्याळाचा स्फटिक किंचित वेगळ्या गतीने चालतो. दहा लाखांत पन्नास एवढा फरकही तासाला १८० मिलिसेकंद होतो. दोन तासांच्या नाटकात तो कदाचित निभावेल, पण वास्कोच्या सप्ताहासारखे चोवीस तासांचे अखंड भजन असेल तर चार सेकंदांहून जास्त साचतो. संध्याकाळी जुळलेले ओठ पहाटे भलतेच हलताना दिसतात, आणि तोवर पाहणारा माणूसही पेंगुळलेला असतो.

उपाय साधा आहे. मिक्सरचा आवाज वेगळ्या साउंड कार्डातून न घेता कॅमेऱ्याच्या किंवा कॅप्चर यंत्राच्या (कॅमेऱ्याचे चित्र संगणकात घेणाऱ्या यंत्राच्या) आवाजाच्या वाटेने आत घ्यावा, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच घड्याळावर चालतात. संगणकांची वेळ एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीने) एकाच स्रोताशी बांधावी. नोंदी ताडून पाहताना याचा फार उपयोग होतो.

७. उतरण आधी लिहून ठेवा

ओळ खचली की काय सोडायचे, त्याचा क्रम कागदावर असावा आणि तो कार्यक्रमानुसार बदलावा. भजनात आवाजाला हात लावायचा नाही. आधी चित्र १०८० वरून ७२०, मग ४८०, आणि शेवटी देवाचे स्थिर चित्र. नाटकात चेहऱ्यावरचे भाव वाचता यावे लागतात, म्हणून तिथे घरच्या प्रक्षेपणाचा दर्जा आधी उतरवावा आणि सभागृहाचा टिकवावा. पडद्यावर अभंगाचे शब्द दाखवायचे असतील तर रेषांची संख्या राखून सेकंदाच्या चौकटी कमी कराव्यात, कारण शब्द हलत नाहीत.

उतरताना घाई करावी आणि चढताना सबुरी. दोन सेकंद गळती दिसली की खाली, पण वर जाण्यापूर्वी निदान तीस सेकंद ओळ स्वच्छ हवी. हा माझा ठोकताळा आहे. दर पाच सेकंदांनी धूसर-स्पष्ट होणारे चित्र सतत थोडे धूसर राहणाऱ्या चित्रापेक्षा डोळ्यांना जास्त त्रास देते.

८. वीज, पाऊस आणि दुसरी ओळ

यूपीएसवर राउटर असतो, एन्कोडर असतो, पण भिंतीवरची फायबरची पेटी राहून जाते. वीज गेली की राउटर चालू आणि ओळ बंद. यूपीएसला जोडलेले सगळे एकदा भिंतीचा प्लग काढून तपासावे.

दोन जोडण्या घेतल्या तरी दोन्ही तारा त्याच विजेच्या खांबांवरून येत असतील तर ती एकच जोडणी समजावी. श्रावणातल्या वाऱ्यात माडाचे एक चुडत दोन्ही तारा एकदम खाली आणते. दुसरी ओळ मोबाइलची ठेवावी, मात्र तिची मोजणी जत्रेच्या दिवशीच्या गर्दीत करावी. रिकाम्या पटांगणात मोजलेला वेग हजारो माणसांच्या खिशातल्या फोनांसमोर टिकत नाही. या ओळीसाठी उतरणीची वेगळी पायरी असावी: ती चालू झाली की सभागृहाचे चित्र थेट ४८० आणि घरच्यांना फक्त आवाज आणि स्थिर चित्र.

९. मोडून पाहा, मग चालवा

रंगीत तालमीत सगळे सुरळीत चालले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. मध्ये लिनक्सचा संगणक ठेवून नेटेम या ओळ मुद्दाम बिघडवणाऱ्या सोयीच्या साहाय्याने दोन टक्के गळती, मग ३० मिलिसेकंदांचा चढउतार, मग अर्धी पट्टारुंदी (अर्धा वेग), असे एकेक करून लावावे. प्रत्येक वेळी उतरण लिहिल्याप्रमाणे होते का ते पाहावे. शेवटी मुख्य तार उपसून दुसरी ओळ किती सेकंदांत उभी राहते ते घड्याळ लावून मोजावे.

कार्यक्रम चालू असताना मंडपातल्या माणसाने चार गोष्टींवर नजर ठेवावी: जाऊन-येऊन लागणारा वेळ, गळती, बफरची पातळी आणि एन्कोडरने सोडलेल्या चौकटी. यांतला पहिला आकडा वाढू लागला आणि गळती अजून शून्य असेल, तर कुठेतरी रांग भरत आहे. कोणता मोबाइल काय चढवतो आहे ते शोधायला तेवढाच वेळ हाती असतो.

सभागृहात एक माणूस हेडफोन लावून बसवावा. त्याच्याशी बोलण्यासाठी साधा मोबाइल कॉल ठेवावा, कार्यक्रमाच्याच ओळीवरचा नको. त्याने दर पंधरा मिनिटांनी टाळी वाजताना पाहून ओठ-आवाज जुळतो का ते सांगावे आणि वेळ वहीत लिहावी. मंडपात मात्र त्या काळात कोणतेही सेटिंग बदलू नये. बदलायचेच असेल तर दोन अभंगांच्या मध्ये, एका वेळी एकच, आणि बदलण्याआधीचा आकडा वहीत उतरवून.